पाच मित्रांत मिळून गाड्यांसाठी शेड घ्यायची आहे (नावगे रस्ता, ३ गुंठे) – सल्ला हवा

पद्मिनी_१०८९ (अनगोळ) | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आम्ही पाच मित्र मिळून बेळगावात गाड्यांसाठी एक शेड विकत घ्यायच्या विचारात आहोत. संचकार (विसाराची रक्कम) द्यायच्या आधी इथल्या जाणत्यांचं मत घ्यावं म्हणून धागा काढतोय.

आधी गरज सांगतो. माझ्याकडे वडिलांची १९८३ची प्रीमियर पद्मिनी आहे. आमची गल्ली एवढी अरुंद की समोरून स्कूटर आली तरी एकाला मागं सरावं लागतं. त्यामुळं गाडी सहा वर्षं चुलत्यांच्या परड्यात ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत ताडपत्री काढली. ड्रायव्हरच्या बाजूला दाराखालच्या पत्र्यावर नुसतं बोट ठेवलं तर बोट आत गेलं आणि तांबूस पापुद्रा तळहातावर आला. वडील दर रविवारी तोच पत्रा पुसायचे. त्या संध्याकाळी मी घरी जेवलो नाही. आता या गाडीला डोक्यावर पक्कं छप्पर द्यायचंच, असं तेव्हाच ठरवलं.

बाकीच्यांचंही तसंच. एकाकडे जिप्सी, एकाकडे पहिल्या पिढीतली मारुती ८००, एकाकडे दोन येझदी. पाचव्याकडे काहीच नाही, पण आमच्या सगळ्यांच्या गाड्यांचे कार्ब्युरेटर त्यानंच खोलून बसवलेत. तो नसला तर शेड घेऊन उपयोग नाही.

जागा नावगे रस्त्याला, ग्रामपंचायत हद्दीत. ३ गुंठे, त्यावर ३० बाय ६०ची पत्र्याची शेड. पूर्वी तिथं टर्निंगचं (लेथवरचं) काम चालायचं, थ्री फेज मीटर आहे. मालक ४२ लाख म्हणतोय, म्हणजे प्रत्येकी ८ लाख ४० हजार. "कागद एकदम क्लिअर" असं त्यांचं म्हणणं.

विचारायचं ते हे: जागा कुणाच्या नावावर घ्यावी? ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं सारखाच वाटा द्यावा का? खाली काम करायला खड्डा पाडावा की लिफ्ट बसवावी? आणि असं कुणी आधी केलंय का?

(एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट आणि पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. वडील हे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. माझं नाव त्यावरून.)

लेथवाले_काका (उद्यमबाग) | रविवार, रात्री १०:२५

भल्या कामाला लागलाय. माझं आयुष्य अशाच शेडमध्ये गेलं म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली, शटर कुठल्या बाजूला आहे ते बघा. ३० बाय ६०च्या शेडला शटर बहुतेक ३० फुटी बाजूला असतं. लेथ मशीनला ते चालतं, कारण मशीन एकदा आत गेलं की दहा वर्षं बाहेर येत नाही. गाडीला चालत नाही. पद्मिनी साधारण १३ फुटांची, जिप्सीही तेवढीच. लांब भिंतीला लावून १० फुटांचे सहा गाळे काढले, प्रत्येक गाळा १८ फूट खोल, तर समोर उरतात १२ फूट. बारा फुटांत गाडी वळवून गाळ्यात घालता येत नाही, ढकलत बसावं लागतं. आणि सगळ्यात आत ज्याची गाडी, त्याला बाहेर काढायला बाकीच्या चौघांना फोन. भांडणाचं मूळ तिथंच असतंय बघा. ६० फुटी बाजूला रस्ता किंवा मोकळी जागा असेल तर तिथं आणखी दोन शटर पाडून घ्या. पत्र्याच्या शेडला ते अवघड नाही, पण कैची (छप्पर पेलणारा सांगाडा) आणि खांब कुठं आहेत ते बघून.

दुसरी, जमीन. टर्निंगच्या शेडमध्ये मशीनखाली तेवढा काँक्रीटचा पाया आणि बाकी मुरुमावर शहाबादी फरशी, असंच असतं. हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकत सगळीकडे फिरा. जिथं भदभद आवाज येईल तिथं खाली पोकळ. दोन खांबांची लिफ्ट फरशीवर बसवायची नाही, अजिबात नाही. तिचं सगळं वजन दोन पायांच्या बोल्टवर येतं. निदान सहा इंच सळीचं काँक्रीट पाहिजे, ते पुरतं मुरलेलं पाहिजे. वर उंची १२ फूट तरी मोकळी पाहिजे.

खड्डा पाडू नका. स्वस्त पडतो म्हणून सगळे पाडतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात जाऊन बसते. वर कुणी टाकी खोललेली असते, खाली एक जण बल्ब घेऊन उतरतो. मी हे डोळ्यांनी बघितलंय. माणूस वाचला, पण दोन्ही हात भाजले. शिवाय आपल्याकडे जुलैत खड्ड्यात गुडघाभर पाणी.

निपाणीचा_येझदी | सोमवार, सकाळी ७:१०

काकांनी शेडचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. आम्ही हे केलेलं आहे आणि आमचं मोडलेलं आहे.

चौघं होतो. शाळेपासूनचे. २०११ साली निपाणीत हायवेपासून आत एक जुनी तंबाखूची वखार मिळाली, भिंती दीड फुटी, वर मंगळुरी कौलं. चौघांनी सारखे पैसे घातले आणि व्यवहार एकाच्या नावावर केला, कारण त्याच्याकडे सुट्टी होती आणि सब-रजिस्ट्रार ऑफिसच्या फेऱ्या मारायला बाकी कुणाला वेळ नव्हता. कागद काही केला नाही. कागद मागायचा म्हणजे मित्रावर संशय, असं वाटायचं. पाच वर्षं सोन्यासारखी गेली. शनिवारी रात्री वखारीत चुलीवर रस्सा आणि एका जीपच्या गिअरबॉक्सभोवती चौघं, यापलीकडं मला आयुष्यात काही नको होतं.

मग ज्याच्या नावावर होती तो गेला. हार्ट अटॅक, वय ४४. दहाव्याला आम्ही तिघं उभे होतो, पुढचं काही सुचत नव्हतं. तीन महिन्यांनी त्याचा भाऊ आला आणि वखारीला नवीन कुलूप लावलं. वहिनींना आमचे पैसे त्यात आहेत हे माहीतच नव्हतं. त्यानं घरी कधी सांगितलं नव्हतं. मी त्यांना दोष देत नाही. कर्त्या माणसामागं दोन लहान पोरं, हातात एक उतारा, त्यावर नवऱ्याचं नाव. त्या आमचं का ऐकतील? आमच्या गाड्या आत होत्या, त्या मिळवायला आठ महिने लागले. पैसे अजून नाहीत, आणि मागायला तोंडही नाही.

पैशाचं एवढं वाटत नाही. पण त्या घरात मी आता जाऊ शकत नाही, हे लागतं. त्याच्या पोराला येझदी चालवायला मी शिकवायचं ठरलं होतं.

म्हणून सांगायलोय, संचकार द्यायच्या आधी कागद करा. आणि त्या कागदात पहिली ओळ हीच असू दे की आपल्यातला एक जण गेला किंवा बाहेर पडला तर काय.

पद्मिनी_१०८९ | सोमवार, सकाळी ८:०५

दादा, वाचून गप्प झालो. आमच्यातही "एकाच्याच नावावर घेऊ, सोपं पडतं" असं चाललं होतं आणि ते नाव माझं होतं. आज सगळ्यांना तुमची पोस्ट पाठवतोय.

काका, शटर ३० फुटी बाजूलाच आहे. ६० फुटी बाजूला शेजारच्याचा बांध आहे, मध्ये सात-आठ फूट जागा.

कागदवाला (टिळकवाडी) | सोमवार, रात्री ११:००

जमिनीच्या कागदांतच माझं रोजचं काम, म्हणून जरा लांब लिहितो.

नाव: पाचही जणांची नावं खरेदीखतात घाला, प्रत्येकाचा हिस्सा आकड्यात लिहून. पण तेवढ्यावर थांबू नका. सहमालक आपला हिस्सा कुणालाही विकू शकतो, हे मालमत्ता हस्तांतर कायदा १८८२च्या कलम ४४ मध्ये आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घराच्या बाबतीत कायदा परक्याला घरात शिरू देत नाही, पण शेड हे राहतं घर नव्हे. उद्या तुमच्यातल्या एकानं वाटा विकला तर घेणारा तुमच्या लिफ्टशेजारी भुसा साठवू शकतो. शिवाय कुठलाही सहमालक वाटणीचा दावा लावू शकतो, आणि ३० बाय ६०ची शेड पाच तुकड्यांत वाटता येत नसेल तर १८९३च्या वाटणी कायद्यानुसार, निम्म्या किंवा जास्त हिश्श्याच्या मालकांनी मागितलं तर, कोर्ट ती विकून पैसे वाटायचा हुकूम देऊ शकतं.

म्हणून खरेदीखतासोबत सहमालकांचा वेगळा करार करा आणि तो नोंदवा. त्यात: बाहेर पडणाऱ्यानं हिस्सा आधी बाकीच्यांना द्यायचा. किंमत कशी ठरवायची, ते आजच लिहा, भांडण झाल्यावर नव्हे. एखादा वारला तर वारसांना ठरलेल्या मुदतीत पैसे, तोवर त्यांचा हक्क अबाधित, आणि त्याची गाडी घरच्यांना कधीही नेता येईल. दरमहा वर्गणी किती, सलग किती महिने थकली तर काय. शेड गहाण ठेवायची नाही. निपाणीच्या दादांसारखं होऊ नये म्हणून प्रत्येकाच्या घरच्या माणसाला हा करार वाचून दाखवा आणि साक्षीदार म्हणून त्यांच्याच सह्या घ्या. हे कायद्यात कुठं लिहिलेलं नाही, माझ्या अनुभवात आहे.

संस्था काढायची म्हणाल तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा १९६०ला किमान सात सभासद लागतात, तुम्ही पाच. एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी संस्था) दोघांनाही काढता येते आणि माणूस आला-गेला तरी जागेची मालक एलएलपीच राहते. पण एक रुपया उत्पन्न नसलं तरी दरवर्षी फॉर्म ८ आणि फॉर्म ११ भरायचे, विसरलात की दंड. छंदासाठी एवढा व्याप पाच मित्र किती वर्षं सांभाळतील, हे तुम्हीच ठरवा. माझा कल करारावर.

आता "कागद क्लिअर" याचा अर्थ. उतारा आधी बघा. जमीन अजून शेतीची आहे की बिनशेती झाली आहे? शेतजमिनीवर शेड उभी असणं ही आपल्याकडे रोजची गोष्ट आहे, पण ती बिनशेती झाली असं त्यावरून होत नाही. पंचायतीच्या हद्दीत ई-स्वत्तूचे (ग्रामपंचायतीच्या मिळकतींची ऑनलाइन नोंद) फॉर्म ९ आणि ११ मागा. हातात ११ब आला तर जागा पूर्ण नियमात बसलेली नाही, हे समजून पुढं जा. किमान ३० वर्षांची ई.सी. (जागेवरचे व्यवहार आणि बोजे दाखवणारा दाखला) काढा. फेरफार एकेक करून वाचा, बहिणींची नावं कुठं गळाली का ते बघा. जमीन सरकारनं अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला दिलेली असेल तर १९७८च्या कायद्यानं सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्दबातल ठरते, मध्ये चार हात बदलले असले तरी. आणि बेळगावभोवतीच्या रिंगरोडच्या भूसंपादनात हा सर्व्हे नंबर आहे का, तेही तपासा. नोंदणी न करता नुसत्या बॉण्ड पेपरवरचा व्यवहार असेल तर तिथंच हात जोडून उठा.

खर्च: ४२ लाखांवर मुद्रांक शुल्क ५ टक्के म्हणजे २,१०,०००. त्या शुल्कावर १० टक्के सेस २१,००० आणि ग्रामीण भागाचा ३ टक्के अधिभार ६,३००. नोंदणी फी ऑगस्ट २०२५च्या अखेरीस १ टक्क्यावरून २ टक्के झाली, ती ८४,०००. एकूण ३,२१,३००. म्हणजे प्रत्येकी आणखी ६४ हजार धरून चाला.

एक मनापासून सांगतो. खरेदीखत कन्नडमध्ये होतं, उतारा कन्नडमध्ये, ई.सी. कन्नडमध्ये. आपल्यातले कितीतरी जण न वाचता सही करतात, कारण समोरच्यासमोर वाचता येत नाही म्हणायला लाज वाटते. त्यात लाज कसली? ओळ न ओळ मराठीत वाचून घ्या, चतुःसीमा स्वतःच्या हातानं मराठीत लिहून घ्या, मग जागेवर उभं राहून ताडून बघा. माझ्या ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले होते, सही करून अकरा वर्षांनी कळलं की रस्ता त्यांच्या हद्दीत नाहीच.

शिनोळी_नाका (चंदगड) | मंगळवार, दुपारी १:१५

मंडळी, सीमेवरची बाची ओलांडून आमच्याकडे महाराष्ट्रात या की! शिनोळी म्हणजे बेळगावातून अर्ध्या तासाच्या आत. कागद मराठीत, सातबारा मराठीत, एमआयडीसी शेजारीच आहे, वेल्डर-फिटर हाकेवर.

कागदवाला | मंगळवार, दुपारी ३:४०

शिनोळीची सूचना चांगली आहे, पण दोन अडचणी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असायला लागता. कर्नाटकात २०२०ला जमीन सुधारणा कायद्यातली ७९अ आणि ७९ब ही कलमं काढली, तेव्हापासून इथं ती अट नाही. तिकडे घ्यायचं तर बिनशेती जागाच बघा.

दुसरी अडचण गाड्यांची, ती लक्षात येत नाही कुणाच्या. मोटार वाहन कायदा १९८८चं कलम ४७ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. कायद्यातला शब्द "ठेवली" असा आहे, "चालवली" असा नाही. केए-२२ची (बेळगावची) गाडी तुम्ही शिनोळीत खोलून ठेवली आणि तिचं काम दोन वर्षं चाललं, तर ती त्यात येते. जुन्या गाडीचं काम वर्षात संपतं का कधी? हेच उलटंही आहे, एमएच-०९ची (कोल्हापूरची) गाडी बेळगावच्या शेडमध्ये ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्या.

शिनोळी_नाका | मंगळवार, सायंकाळी ६:००

हे माहीत नव्हतं. माझी स्वतःची बुलेट तीन वर्षं भावाकडे बेळगावात शहापुरात आहे. बघतो.

खानापूर_जिप्सी | मंगळवार, रात्री ९:३०

कागद झाले, आता पावसाचं बोला. माझी शेड जांबोटी रस्त्याला आहे. जून ते सप्टेंबर चार महिने कपडे वाळत नाहीत तिथं लोखंडाचं काय होईल ते तुम्हीच समजा.

वरून गळतं ते दिसतं, खरा घात पत्र्याच्या आतल्या घामानं होतो. पहाटे पत्रा गार पडतो, आतली ओल त्याला चिकटते आणि सकाळी टपटप गाडीवर. पहिल्या वर्षी मी शेड गळते म्हणून तीनदा डांबर मारलं, शेवटी एका कोरड्या रात्री आत झोपलो तेव्हा कळलं. छपरावर वाऱ्यानं फिरणारे पंखे बसवा, खालून हवा यायला भिंतीत जाळ्या ठेवा. जाळी मात्र बारीक, नाहीतर उंदीर. उंदरानं माझ्या जिप्सीचं अख्खं वायरिंग दोन आठवड्यांत संपवलं. आता सायलेन्सरच्या तोंडात लोखंडी काथ्या कोंबतो.

प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, सुती घाला. गाडी घोडीवर (लोखंडी स्टॅण्डवर) उचलून ठेवा, टायर चपटे पडत नाहीत. हॅण्डब्रेक ओढून ठेवू नका, ड्रमला चिकटतो. पद्मिनीवाल्या दादांना खास सांगतो, पावसाळ्याआधी टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करा. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी केलेल्याच नव्हत्या, त्या आतून चिकट होतात. नळ्या बदलूनच टाका.

आणि मातीकडे बघा. काळी माती असेल तर पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, फरशीला लाटा येतात. लाल मुरुमाची जागा मिळाली तर पाच लाख जास्त गेले तरी घ्या. बळ्ळारी नाल्याच्या बाजूची जागा कुणी स्वस्तात दाखवली तर पावसाळ्यात एकदा जाऊन बघून या म्हणजे झालं.

वडगावची_८०० | बुधवार, दुपारी ३:२०

इथं बहुतेक दादालोक आहेत, म्हणून राहिलेलं मी लिहिते. माझी १९९६ची ८०० मी स्वतः दुरुस्त करते. क्लच प्लेट स्वतः बदललीय. अशा जागेची मला फार गरज आहे, घरी जिन्याखाली किती करणार?

पण मी दोन ठिकाणी जाऊन बघितलं आणि परत आले. शेडला संडास नाही. "मागं मोकळं रान आहे की" असं एका काकांनी सांगितलं. रस्त्यापासून शेडपर्यंत दिवा नाही. किल्ली एकाकडे आणि तो फोन उचलत नाही. संध्याकाळी सातनंतर तिथं नक्की कोण बसलेलं असेल हे कुणी सांगू शकत नाही. बाई एकटी तिथं काम करायला कशी येईल? पाच मित्र म्हणता तेव्हा उद्या त्यांच्या मुली मोठ्या होणार आहेत, त्यांना पाना धरावासा वाटेल. खर्चात लिफ्टच्या आधी संडास, पाण्याची टाकी आणि दोन दिवे धरा. दारू शेडमध्ये नाही, हे करारात लिहा. वेल्डिंग चालतं, पेट्रोल असतं तिथं ती नकोच.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्या दादांचं: मालकी आणि गाळा वेगळा धरा. मालकी पाचांची सारखी. गाळा जो वापरतो त्यानं महिन्याचं भाडं सगळ्यांच्या खात्यात भरायचं. म्हणजे ज्याची गाडी नाही त्याच्यावर बोजा नाही आणि दोन गाड्यावाला जास्त भरतो. आमच्या भिशीत बायका याहून अवघड हिशेब वीस वर्षं बिनचूक करतात.

आणि विकत घ्यायच्या आधी तीच शेड ११ महिने भाड्यानं का घेत नाही? तुम्ही पाच जण आठवड्यातून किती वेळा खरंच जाता ते कळेल.

लेथवाले_काका | बुधवार, रात्री ८:५०

ताई, सगळं बरोबर बोललात. माझ्या शेडला बारा वर्षं संडास नव्हता, मला कधी सुचलंच नाही. या महिन्यात बांधून घेतो. तुम्हाला लेथचं काही लागलं तर या, चहा आमचा.

बाकीच्यांना: जळकं ऑइल गटारात सोडू नका, बांधावर ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. कॅनमध्ये साठवा आणि परवाना असलेल्यालाच द्या. शेजारच्या शेतकऱ्याच्या विहिरीला एकदा वास आला की तुमची शेड गावात नकोशी होणार.

होनगा_टेम्पो | बुधवार, रात्री १०:१०

केआयएडीबीचा (कर्नाटकच्या औद्योगिक वसाहत मंडळाचा) प्लॉट बघितला का? रस्ते, पाणी, वीज सगळं तयार.

कागदवाला | बुधवार, रात्री १०:३०

तो उद्योगासाठी दिलेला असतो, हस्तांतराला मंडळाची परवानगी लागते. छंदाच्या गाड्या ठेवायला घेऊ नका.

पद्मिनी_१०८९ | पाच आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:१५

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा. सगळं सविस्तर सांगतो.

उतारा काढला. जमीन शेतीचीच आहे, बिनशेती झालेली नाही. ई.सी. स्वच्छ आली, पण फेरफार वाचताना मालकाच्या दोन बहिणींची नावं १९९४ नंतर एकदम दिसेनाशी झालेली. हक्कसोड पत्र कुठंच नाही. मालकाला विचारलं तर म्हणाले, "त्या काय मागणार नाहीत ओ." माणूस वाईट नाही, त्यांना खरंच तसं वाटतं. पण कागदवाल्या साहेबांची पोस्ट वाचली नसती तर मी दुसऱ्याच दिवशी दोन लाख संचकार देऊन बसलो असतो. पैसे पिशवीत भरून ठेवले होते.

आम्ही त्यांना सांगितलं की बहिणींचं हक्कसोड पत्र नोंदवा, जमीन बिनशेती करून घ्या, मग आम्हीच घेऊ. तोवर ११ महिन्यांच्या करारानं भाड्यानं द्या. दोन दिवस विचार करून त्यांनी हो म्हटलं. हातोडीच्या दांड्यानं फरशी ठोकून बघितली काका, मागच्या बाजूला तीन ठिकाणी पोकळ आहे. लिफ्टचा विचार सध्या नाही. खड्ड्याचं तर नावच काढलं नाही. ६० फुटी बाजूला शटर पाडलं तरी सात-आठ फुटांत गाडी वळणार नाही, त्यामुळं गाड्यांखाली चाकांच्या पाट्या करून घेतोय, म्हणजे ढकलायला एक माणूस पुरेल.

आमचा करारही झाला. भाड्याची जागा असली तरी केला. माझ्या घरी माडीवर पाचही जण, चौघांच्या बायका आणि पाचव्याची आई असे बसलो आणि मी मोठ्यानं वाचला. "एखादा वारला तर" ही ओळ आली तेव्हा जिप्सीवाल्याची बायको म्हणाली, हे वाचू नका, अशुभ वाटतं. सगळे गप्प. मग पाचव्याची आईच बोलली, "वाचा. आमच्या ह्यांच्या मागं मला काय कुठं आहे ते शोधायला दोन वर्षं लागली." पुन्हा पहिल्यापासून वाचलं. निपाणीच्या दादा, ती ओळ तुमची आहे, पहिल्या पानावर आहे.

गाळ्याचा हिशेब वडगावच्या ताईंनी सांगितला तसाच ठेवला. संडास मालकानं बांधून दिला, पत्रा आमचा, भिंत त्यांची. दिवे दोन लावले, एक रस्त्याला. किल्ल्या सहा केल्यात. ताई, सहावी तुमची आहे. गाळा हवा असेल तर या, यायच्या आधी माझ्या बायकोशी बोलायचं असेल तर तेही करा, ती रविवारी तिथंच असते.

काल पद्मिनी आणली. टोचन लावून, पिरनवाडीवरून, ताशी पंधराच्या वेगानं. स्टिअरिंगवर मी, बाजूला आई. शेडच्या दारात आल्यावर आई उतरली आणि पदरानं बोनेट पुसायला लागली, नेमक्या त्याच जागी जिथं वडील हात ठेवून उभे राहायचे.

काका, दाराखालचा पत्रा दोन्ही बाजूंचा बदलायला लागणार. कुठल्या गेजचा आणू?

लेथवाले_काका | रविवार, रात्री ९:४०

२० गेजचा सीआर (साधा, जस्त नसलेला) पत्रा आणा, चार बाय आठची एक शीट पुरे. जीआय (जस्त चढवलेला) आणू नका, वेल्डिंगला धूर होतो. आधी टाकी काढून बाहेर ठेवा, कार्पेट आणि सीट उचला. आणि दारं जागेवर बसवूनच खालचा भाग कापा, नाहीतर सांगाडा हलतो आणि मग दार जन्मात बसत नाही.

येत्या रविवारी दहाला येतो. वाकवायचं मशीन माझं घेऊन येतो.

निपाणीचा_येझदी | रविवार, रात्री १०:०५

मीही येऊ का? सोबत एक पोरगा असेल, अठरा वर्षांचा. त्याच्या आईनं आज स्वतःहून फोन केला होता.

पद्मिनी_१०८९ | रविवार, रात्री १०:०७

या दादा. दोन येझदी आहेत इथं. एक चालू आहे.